हुलगा, एक नग

१२ नोव्हेंबर १९७५, बुधवार. शिरूर

आज अंजनाच्या कोठीत पहिल्यांदा पाय ठेवला आणि लगेच काढून घेतला, कारण तो गुळात पडला होता.

दौंडच्या रेल्वे दवाखान्यात माझी सारी नोकरी गेली. शेवटी मेट्रन होते. माझ्या स्टोअरमध्ये डोळे मिटून हात घातला तरी आयोडीनच्या जागी आयोडीन आणि कापसाच्या जागी कापूस हाती येई. निवृत्त झाले, क्वार्टर सोडली आणि धाकट्या भावाकडे आले. शंकर इथल्या एस.टी. डेपोत वाहतूक नियंत्रक आहे. दिवसभर कर्ण्यातून साऱ्या तालुक्यावर ओरडतो आणि घरी आला की त्याच्या तोंडातून अक्षर निघत नाही. लेकीचं लग्न झालंय, त्यामुळे घरात तो, त्याची बायको अंजना आणि ही कोठी.

कोठी म्हणजे स्वयंपाकघरामागची अंधारी खोली. तिला खिडकी नाही, फक्त मागच्या बोळात उघडणारं एक दार आहे. डालड्याच्या डब्यात मेथ्या, मेथ्यांच्या बरणीत सुईदोरा, आणि ज्या डब्यावर लाल रंगाने 'साखर' लिहिलंय त्यात मीठ.

"यातलं तुला सापडतं कसं?" मी विचारलं.

"हात जातो की आपसूक, वन्सं," अंजना म्हणाली.

हात जातो! माझ्या दवाखान्यात परिचारिकांचे हात असे आपसूक गेले असते तर दौंड जंक्शनला आणखी एक स्मशान बांधावं लागलं असतं.

माझी ट्रंक अजून बांधलेलीच खाटेखाली आहे. ती उघडायची म्हणजे कायमचं राहायला आले असं कबूल करायचं, आणि मला अजून कुणी 'राहा' म्हटलेलं नाही. स्टँडवर शंकरने एवढंच विचारलं, "आलीस?" आले होते ते त्याला दिसत होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कोठी हाती घेतली. अंजनाला विचारलं नाही, कळवलं.

सगळं बाहेर काढून उन्हात ठेवलं. चुन्याने भिंती रंगवल्या. पंधरा डबे घासले, त्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या आणि फळ्यांवर वर्णानुक्रमे लावले. अ पासून सुरुवात. अळशी खाली, हळद आणि हिंग छतापाशी. यात चुकायला जागाच नाही.

दुपारी फोडणी जळली. मोहरी मधल्या फळीवर, हळद-हिंग वर, आणि अंजना स्टुलावर चढेपर्यंत तेल पेटलं. हा दोष वर्णमालेचा नाही. आधी चढावं, मग तेल तापवावं. तसं तिला सांगितलं.

"व्हय, वन्सं," ती म्हणाली. तिच्या 'व्हय'चा अर्थ लावायला मी अजून शिकतेय.

आजपासून कोठीची किल्ली माझ्या कमरेला. रोज सकाळी मी मापट्याने धान्य काढून देणार, वर पट्टी फिरवून. सपाट माप हेच खरं माप. पट्टी बघून अंजनाचा चेहरा उतरला.

"घरात सपाट माप, वन्सं? द्यायचं म्हंजी शीग लावून द्यावं."

"द्यायचं कुणाला? आपल्या तव्यालाच ना?"

ती पदराला हात पुसत राहिली. हात कोरडे होते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

निरोपाच्या वेळी दवाखान्यातले लोक मला भिंतीवरचं घड्याळ देणार होते. मी फळा मागितला. पेशंटांचा आहार ज्यावर लिहीत असू तो. आज तो कोठीच्या मागच्या दाराला आतल्या बाजूने ठोकला. आता रोज त्यावर साठा लिहायचा. ज्वारी साठ किलो, बाजरी अठरा, तूरडाळ सहा, असं खाली खाली. सध्या आणीबाणीत प्रत्येक दुकानदाराला साठ्याचा फलक लावावा लागतो. दुकानदारांना जमतं ते गृहिणीला का जमू नये?

हुलगे संपले होते. मी 'हुलगा – ०' असं लिहिलं. अंजना चुलीपाशी होती, ती ओल्या हाताने धावत आली आणि फळा पुसला.

"दाण्याच्या नावापुढं पूज्य मांडायचं न्हाई, वन्सं! भरल्या घरात आसं लिवत्यात व्हय?"

"मग काय लिहू?"

"एक लिवा."

"एक नाहीये."

"आसंल की कुठंतरी."

मिशनच्या शाळेत सिस्टर अगाथांच्या हाताखाली दहा वर्षं शिकले. खोटं बोलल्याबद्दल जिभेला साबण लागायचा, आणि फळ्यावर लिहिलेलं खोटं तर सगळ्यांत वाईट, कारण ते पुन्हा पुन्हा बोलतं. पण अंजना दाराशी आडवी उभी राहिली. पन्नाशीच्या बाईला दारात एवढं घट्ट उभं राहता येतं हे मी प्रथमच पाहिलं.

शेवटी सगळी पोती उलटी करून झटकली. बाजरीच्या पोत्याच्या शिवणीत एक हुलगा सापडला. तो धुतला, वाळवला, काचेच्या बरणीत ठेवला, बरणीला चिठ्ठी लावली, आणि फळ्यावर लिहिलं: हुलगा – १.

आता फळाही खरा आणि अंजनाही गप्प. संध्याकाळी शंकरने बरणीकडे बराच वेळ पाहिलं आणि तो डेपोत परत गेला. त्याची ड्यूटी संपलेली होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

घरात उंदीर आहे.

परवापासून ज्वारी मापटंभर कमी भरतेय. लेंड्या नाहीत, पोत्याला भोक नाही, दाणा सांडलेला नाही. इतका नीटस उंदीर मी दवाखान्यातसुद्धा पाहिला नव्हता. त्याहून चमत्कारिक म्हणजे आज बाजरी दोन मापटी जास्त भरली! नवी, टपोरी बाजरी. शिवाय कोपऱ्यात मूठभर कारळे होते. आपल्या घरी कारळे कधी आणलेच नाहीत.

म्हणजे हा प्राणी ज्वारी नेतो आणि बाजरी आणून ठेवतो. किल्ली माझ्याकडे असते. फक्त अंघोळीच्या वेळी ती खुंटीला असते, पण उंदराला किल्लीचा काय उपयोग?

अंजनाला सांगितलं. ती पोळपाटाकडे बघत म्हणाली, "व्हय, उंदीरच आसंल. हितलं उंदीर लई गुणी असत्यात, वन्सं."

गुणी! उद्या ती त्याला जेवायला बसवेल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी अंघोळीला जाण्यापूर्वी ज्वारीच्या पोत्यात सापळा लावला. खोबऱ्याचा तुकडा अडकवून. अंघोळ करून येते तो सापळा उडालेला आणि उंदीर पसार. सापळ्यात हिरव्या लुगड्याचा धागा होता. उंदीर बिळात चिंध्या नेतात, हे शास्त्राला धरूनच आहे.

दुपारी बोळापलीकडची बयाबाई आली. सत्तरीची आहे, बोलणं साऱ्या बोळाला ऐकू जाईल असं. तिचा अंगठा काळानिळा होऊन सुजला होता. मी दवाखान्यातली होते म्हणून हल्ली बोळातलं जो तो मलाच दाखवायला येतो.

"काय केलंत हे?"

"जात्यात घावला बगा, आक्का."

"जातं दळायला असतं. अंगठा घालायला नसतं."

"व्हय बया, आता ध्यानात ठिवीन."

जखम सरळ रेषेत होती. जात्याने असं होत नाही, पण इकडच्या जात्यांचं काय सांगावं. औषध लावून पट्टी बांधली. उठताना म्हातारी म्हणाली, "आन् आक्का, पुढच्या टायमाला खोबरं ताजं लावा. खवाट वास येतुया."

खोबऱ्याचं हिला कसं कळलं कोण जाणे. म्हातारीचं नाक तिखट आहे. अंजना चुलीत फुंकणी घालून इतक्या जोरात फुंकत होती की डोळ्यांतून पाणी आलं.

४ डिसेंबर, गुरुवार

आजचा प्रकार लिहिताना रागाने दोनदा पेन्सिलीचं टोक मोडलं.

कोठीत कोंदट वास येऊ लागला म्हणून सकाळी बोळाकडचं दार सताड उघडून बाहेरच्या भिंतीला टेकवलं. कोंदट जागेत पिठाला अळ्या पडतात. दार असं उघडलं की त्याची आतली बाजू रस्त्याला येते, हे माझ्या ध्यानात आलं नाही. म्हणजे माझा फळा बोळात लागला.

अर्ध्या तासाने एक इसम आला. "गोडेतेल आलंय का?"

"नाही."

"कवा येणार हाय?"

"येणार नाही."

"म्हंजी वरनंच न्हाई आलं," असं म्हणून तो तिथेच उकिडवा बसला. त्याच्यामागे पिशवी घेऊन दोन बाया आल्या, मग रॉकेलचा डबा घेऊन एक म्हातारा, मग शिक्रापूरच्या गाडीची वाट बघणारा एक ड्रायव्हर. जो तो पुढच्याला विचारी आणि पुढचा माझ्या फळ्याकडे बोट दाखवी.

हे दुकान नाही, असं मी त्यांना सांगणारच होते. पण ती रांग! रॉकेलवाला भिंतीला, बाया मधेच, ड्रायव्हर गटारावर एक पाय टाकून. मी आयुष्यात अशी रांग सहन केलेली नाही. आधी सगळ्यांना भिंतीलगत सरळ उभं केलं. बाया वेगळ्या, पुरुष वेगळे. मागचे पुढे घुसू लागले म्हणून कागद फाडून नंबराच्या चिठ्ठ्या वाटल्या. रांग बोळाच्या तोंडापर्यंत गेली तेव्हा कुठे ती बघण्यासारखी झाली.

मग मी स्टुलावर उभी राहून सांगितलं, "हे दुकान नाही. घरी जा."

कुणी हललं नाही. उलट पुढची बाई मागचीला म्हणाली, "माल संपला आसं आधी म्हणत्यातच. उभी ऱ्हा. एवढा बंदोबस्त फुकट करत्यात व्हय?"

दुपारी शंकर जेवायला आला. स्वतःच्या घरामागची रांग पाहून सवयीने त्याने शिट्टी वाजवली आणि विचारलं, "कुठली गाडी?"

६ डिसेंबर, शनिवार

कचेरीतला माणूस आला. बरोबर तराजू घेतलेला शिपाई.

"मी पोपटराव. पुरवठा निरीक्षक. परवाना दाखवा."

"कसला?"

"दुकानाचा."

"ही आमची कोठी आहे."

"मग हा फलक?"

"माझा."

"परवा रांग कुणी लावली?"

"मी. वाकडी होती."

"नंबराच्या चिठ्ठ्या?"

"त्याही मीच दिल्या. माणसं घुसत होती."

तो हे सगळं लिहून घेत होता. खरं सांगणाऱ्या माणसाचं बोलणं कागदावर इतकं वाईट कधी दिसलं नसेल. मग त्याने फळा वाचायला घेतला.

"हुलगा एक. एक काय? पोतं की क्विंटल?"

"एक हुलगा."

मी बरणी दिली. त्याने ती तळहातावर उलटी केली. दोघंही त्या दाण्यावर वाकले, तो आणि शिपाई. शिपायाने दाणा तराजूत टाकला. तराजू हलला नाही.

"वजनात येत नाही, साहेब."

"मग नग लिही," निरीक्षक म्हणाला. घाम पुसून त्याने ज्वारी तोलायला लावली. फळ्यावर रोजचं काढलेलं वजा जाऊन बेचाळीस किलो, तराजूत एकतीस.

"अकरा किलो कुठे गेली, बाई?"

"उंदीर."

"अकरा किलो?"

"इथले उंदीर फार गुणी आहेत," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मला जे सांगण्यात आलं होतं तेच.

"म्हणजे विनापरवाना विक्री. पंचनामा करावा लागेल. घरात नोकरीला कोण आहे?"

दारात शंकर उभा होता, गणवेशात, तोंडात शिट्टी. त्याच्या श्वासाबरोबर ती बारीक वाजत होती. सध्या नोकरीतल्या माणसाविरुद्ध कागद गेला की माणूसही जातो, हे मला माहीत आहे.

अंजनाने सगळ्यांना चहाला बाहेरच्या खोलीत नेलं. निरीक्षकाने दोन कप घेतले. बशीतला चहा फुंकून फुंकून पितो. आम्ही परत कोठीत गेलो तर पाय ठेवायला जागा नव्हती. पातेली, तांबे, चरव्या, टोपल्या, एक लोखंडी घमेलं. सगळ्यांत ज्वारी, सगळी शिगोशीग. बोळाकडच्या दारात बयाबाई आणि तिच्यामागे बोळातल्या साऱ्या बाया, पदर खोचून, धापा टाकत. बयाबाईच्या अंगठ्याला माझीच पट्टी आणि अंगावर हिरवं लुगडं.

त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं. उंदीर एक नव्हता. डझनभर होते, आणि सगळे नऊवारी नेसत होते.

निरीक्षकाने पुन्हा तोलायला लावलं. अठ्ठावन्न किलो.

"आता सोळा किलो जास्त! ही साठेबाजी झाली!"

"कमी हाय का जास्त हाय ते आधी ठरवा, सायेब," बयाबाई म्हणाली. "कमी आसंल तर आनिक आणतू. जास्त आसंल तर परत नेतू. आमाला काय, बोळ वलांडायचा."

"तुम्ही कोण?"

"म्या? म्या उंदीर."

निरीक्षक भांडी बाजूला सारू लागला. सारता सारता एक स्टीलचा डबा हातात घेऊन तसाच थांबला. काठावर नाव कोरलेलं होतं, आपल्याकडे लग्नात देतात तसं. त्याच्याजवळ चष्मा नसावा, म्हणून मीच मोठ्याने वाचून दाखवलं: "चि. सौ. कां. रंभा हीस पोपटराव यांजकडून सप्रेम भेट."

बाया फिदीफिदी हसल्या. यात हसण्यासारखं काय होतं? शिरूरला दर दोन गल्ल्यांआड एक पोपटराव आहे.

"रंभा दोन गल्ल्या सोडून ऱ्हाती," अंजना हळूच म्हणाली. "दिवाळीच्या आधी तिच्याकडं कचेरीतलं पाव्हनं आलं व्हतं. चार मापटी नेली व्हती. सगळी फेडली, सायेब. शीग लावून."

निरीक्षकाचा चेहरा गाजरासारखा झाला. माझी नजर त्याच्यावर रोखलेली होती, तिचाच तो परिणाम. या नजरेपुढे मोठमोठे सर्जन हात धुवायला परत गेलेत. त्याने वही मिटली.

"फळ्यावर आहे तेवढा माल असला पाहिजे आणि माल आहे तेवढा फळ्यावर. येत्या पंधरा तारखेला, सोमवारी, फेरमोजणी. जुळलं तर मी हा कागद फाडीन."

असं म्हणून तो डबा काखेत मारून निघून गेला. भरदिवसा, आमच्या कोठीतला डबा! आणि हे आम्हाला साठेबाज म्हणणार.

तो गेल्यावर अंजनाने सगळं सांगितलं. गेली वीस वर्षं हे चाललंय. बोळात जिच्या घरी दाणा नसेल ती मागच्या दाराने येते आणि घेऊन जाते. पीक आलं, मजुरी मिळाली की जे असेल ते आणून टाकते. मी किल्ली कमरेला लावल्यापासून तेवढी माझ्या अंघोळीची वेळ उरली होती.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमी पट्टी घिऊन बसल्याला, वन्सं. शिगंला पट्टी मारल्यावर उसन्यात काय ऱ्हायलं?"

शंकर तेवढं एकच बोलला. शिट्टी खिशात ठेवत म्हणाला, "अक्का, माझी अजून तीन वर्षं राहिलीत गं."

मला समजलं. स्पष्ट न बोलता कसं बोलावं हे आमच्या घराण्यात सगळ्यांना येतं. ट्रंक उघडली नव्हती तेच बरं झालं.

७ डिसेंबर, रविवार

सकाळच्या गाडीने निघाले. न्हावऱ्यापर्यंत उभी. अंजना स्टँडवर आली होती, पिशवीत भाकरी ठेवल्या. शंकर कर्ण्यावर होता. दौंडच्या गाडीची घोषणा त्याने केली नाही. गाडी तशीच सुटली. कामचुकार.

१० डिसेंबर, बुधवार. दौंड

सिंधूबाईंकडे आहे. त्या माझ्या हाताखाली नर्स होत्या, आता निवृत्त. रेल्वे लाइनीजवळ एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यांचं स्वयंपाकघर बघून डोळे निवले. सगळे डबे एका मापाचे, वर्णानुक्रमे. मीच शिकवलेलं. हिंगासाठी स्टूल आहे आणि ते स्वयंपाकाआधीच लावून ठेवतात.

इथे काहीही कमी होत नाही. काहीही जास्त होत नाही. तीन दिवस मोजलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार. दौंड

साखर संपली. सिंधूबाईंनी नोंद केली: साखर, शून्य. मला ते बघवेना. प्रकृती बरी नसावी.

म्हटलं, "शेजारून वाटीभर आणू का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी खिडकी फोडून आणू का असं विचारलं होतं. "शेजारी कोण राहतं मला ठाऊक नाही, मॅडम. बारा वर्षं झाली, कधी गरज पडली नाही."

बिनसाखरेचा चहा प्यायलो. दुपारी वेळ जाईना म्हणून उंदीर शोधला. या घरात उंदीरसुद्धा नाही.

आता कायमचं काय ते ठरवायला हवं. खोलीचं भाडं निम्मं निम्मं करू, असं सिंधूबाई म्हणतात. शिस्तीची बाई आहे. मी उद्या सांगते म्हटलं. कालही हेच म्हटलं होतं.

१४ डिसेंबर, रविवार. दौंड

दुपारी दार वाजलं. सिंधूबाई दचकल्या, त्यांचं दार वाजत नाही. बघते तर अंजना! एकटीने एस.टी.चा प्रवास केलेली अंजना. हातात रिकामं मापटं.

"हे कशाला आणलंस?"

"सवय, वन्सं. कुणाच्या दारी जायचं म्हंजी हातात आसलं की बरं वाटतं." ती उंबऱ्यातच उभी राहिली. "उद्या सायेब येणार हाय मोजायला."

"मग? मी ज्वारी जुळवून लिहायला सांगितलं होतं."

"ज्वारी जुळलीया. बाजरी जुळलीया. हुलगा हाय. पर एक माल घावंना."

"कुठला?"

"तुमी गेल्या त्या दिशी म्या फळ्यावर लिवलंय. हुलग्याच्या खाली. आक्का, एक."

मी तिला म्हटलं, पुसून टाक. म्हटलं, माणूस काय साठ्यात धरतात? म्हटलं, कायद्यात असलं काही बसत नाही.

"पुसलं तर पूज्य व्हतं, वन्सं," ती म्हणाली. "भरल्या घरात ते म्या मांडणार न्हाई."

मग म्हणाली, "आन् ह्यांचं बगा की. दौंडची गाडी लागली की सोता जाऊन दाराशी उभं ऱ्हात्यात. परवा पाशिंजर खोळंबून ठिवलं, मागच्या शिटावर तुमी हाय का बगाया. कंडक्टरनं तक्रार केलीया. तीन वर्सं ऱ्हायली म्हनत्यात, त्येवढी तरी नोकरी टिकू द्या."

म्हणजे मी तिथे नसल्यानेच त्याची नोकरी धोक्यात आली आहे. हा तर्क मला पूर्ण पटला. वेडेपणा आहे, पण त्याला क्रम आहे.

सिंधूबाई गोंधळून विचारत होत्या, "तुम्ही नेमकं काय न्यायला आलात?"

"आठवडाभर उसनं दिलं व्हतं तुमास्नी," अंजना माझ्याकडे बोट दाखवत त्यांना म्हणाली. "आता परत नेते."

सिंधूबाईंनी ट्रंक दाराशी आणून दिली. मग आत गेल्या, ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणला आणि ट्रंकेवर ठेवला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"शीग लागली," अंजना खुशीत म्हणाली.

१५ डिसेंबर, सोमवार. शिरूर

पोपटराव आला. आज चष्मा होता. ज्वारी बरोबर. बाजरी बरोबर. बरणी उघडून हुलगा मोजला, एक. मग फळ्यावरची शेवटची ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं, शिपायाकडे पाहिलं.

"अक्का, एक," शिपायाने विचारलं, "तोलायची, साहेब?"

"नग लिही," निरीक्षक घाईने म्हणाला आणि कागद फाडला. जाताना त्याने आपण होऊन स्टीलचा डबा परत आणून ठेवला. आत ज्वारी होती, वर शीग. चोर शेवटी शरमला.

शंकर डेपोतून जेवायला आला. दारात मला बघून म्हणाला, "आलीस?"

"आले," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१७ डिसेंबर, बुधवार

हळद आणि हिंग खाली आणले. वर्णमालेत तेवढा एक अपवाद करता येतो.

सकाळी बयाबाई मागच्या दाराने, उघड उघड, चरवी घेऊन आली. मी मापटं भरलं आणि सवयीने पट्टी शोधू लागले. ती नेमकी सापडेना. अंजना म्हणाली, चुलीत लाकूड कमी पडलं होतं. मग काय करणार, तसंच दिलं, वरून ज्वारी घरंगळत होती. बयाबाई म्हणाली, "आक्का, जात्याला सांगा, आता अंगठा घालत न्हाई." ही बाई काय बोलते ते मला अर्धं कळत नाही असं ती समजते.

दुपारी ट्रंक उघडली. लुगडी खुंटीला, पुस्तकं कोनाड्यात. फेब्रुवारीत नवी ज्वारी येईल तेव्हा ट्रंक उपयोगी पडेल, पत्रा चांगला आहे, असं अंजनाचं म्हणणं. तिने ती ओढत कोठीत नेली. मी खडू घेऊन फळ्यापाशी गेले. 'ट्रंक' लिहिलं आणि पुढे 'रिकामी' लिहिणार, तोच मागून बांगड्या वाजल्या.

मी मागे पाहिलंसुद्धा नाही. ट्रंकेच्या तळाशी माझा एक रुमाल ठेवला आणि लिहिलं: ट्रंक, आत रुमाल – १.